'सन्स ऑफ अनार्की'चा तिसरा सीझन बेलफास्टला का गेला: थोडी पार्श्वभूमी

'सन्स ऑफ अनार्की' ही कॅलिफोर्नियातल्या एका मोटरसायकल क्लबवरची अमेरिकन टीव्ही मालिका, आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर २०१० मध्ये आलेला हा तिचा तिसरा, १३ भागांचा सीझन. मी ज्यांना ज्यांना ही मालिका बघायला लावली त्यातले निम्मे इथेच अडकले, आणि प्रत्येकाची तक्रार एकच, की कॅलिफोर्नियातल्या बायकर लोकांना आयर्लंडला, म्हणजे उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला, कशाला नेलं. ज्यांनी बघितलंय त्यांच्यासाठीच लिहितोय, त्यामुळे जॅक्स, त्याची आई जेम्मा आणि सावत्र बाप क्ले यांची ओळख परत सविस्तर करून देत नाही, आणि शेवटही उघड करतोय.

मोटरसायकल क्लबांचा जुना इतिहास, म्हणजे १९४७ चा हॉलिस्टर गावातला बायकर लोकांचा दंगा, युद्धावरून परत आलेली पोरं, कायदा न मानणाऱ्या क्लबांची खूण असलेला वन परसेंटचा पॅच, हे सगळं बऱ्याच जणांना माहीत असतं. इथे एवढंच लक्षात ठेवायचं की मालिकेतला क्लब १९६७ चा, व्हिएतनामहून परतलेल्या मित्रांनी काढलेला, आणि जॅक्सचा बाप १९९३ मध्ये मरतो तोवर तो पूर्ण बंदुकांच्या धंद्यात गेलेला असतो. या बंदुका पहिल्या सीझनपासूनच आयरिश लोकांकडून येतात. म्हणजे बेलफास्ट अचानक कुठून टपकलं असं नाहीये, पहिल्या दोन सीझनमध्ये ते फोनवरून आणि पाहुण्यांमधून सतत डोकावत होतं. डिसेंबर २००९ मध्ये दुसरा सीझन संपतो तेव्हा बंदुका पुरवणाऱ्या आयरिश लोकांपैकी कॅमरनच्या पोराला सरकारी एजंट बाईच मारते आणि आळ जेम्मावर ढकलते, मग कॅमरन बदला म्हणून जॅक्सच्या तान्ह्या पोराला, एबलला, पळवतो आणि तिसऱ्याची सगळी गाडी तिथून सुटते.

माझ्या मते खरा गुंता नावात आहे. आयआरए म्हणजे उत्तर आयर्लंडमधून ब्रिटिश सत्ता घालवायला लढणारी सशस्त्र संघटना. मालिकेत बंदुका पुरवणाऱ्यांना 'ट्रू आयआरए' म्हणतात, अशी संघटना प्रत्यक्षात नाही. प्रत्यक्षात होती ती 'रिअल आयआरए', आणि मराठीत विचार केला तर दोन्हींचा अर्थ 'खरी'च होतो, म्हणून गोंधळ आणखी वाढतो. क्रम असा आहे की १९६९ च्या शेवटी संघटना फुटून ऑफिशियल आणि प्रोव्हिजनल असे दोन गट झाले, आणि आपण 'आयआरए' म्हणून पेपरात जे वाचलं ते बहुतेक वेळा प्रोव्हिजनल. त्यातून १९८६ मध्ये कंटिन्युइटी बाहेर पडली, १९९७ मध्ये शांतता प्रक्रिया मान्य नसलेले लोक बाहेर पडले ते रिअल. प्रत्येक फुटीत भांडण एकच, आम्ही खरे आणि तुम्ही विकले गेलात. १० एप्रिल १९९८ ला उत्तर आयर्लंडमधला शांतता करार, गुड फ्रायडे करार, झाला आणि चारच महिन्यांनी, १५ ऑगस्टला, रिअलवाल्यांनी उत्तर आयर्लंडमधल्या ओमाघ गावात कारबाँब फोडला, २९ माणसं गेली. प्रोव्हिजनलने जुलै २००५ मध्ये सशस्त्र लढा थांबवल्याचं जाहीर केलं. आणि सीझन यायच्या दीड वर्ष आधी, मार्च २००९ मध्ये, अँट्रिमच्या लष्करी तळाच्या दारात दोन सैनिकांना गोळ्या घातल्या गेल्या, त्याची जबाबदारी परत रिअलनेच घेतली. म्हणजे लेखक जे लिहीत होते ती जुनीपुराणी गोष्ट नव्हती, ताजी जखम होती, आणि म्हणून नाव बदललं हे मला पटतं, ओमाघच्या घरांमधली माणसं अजून जिवंत आहेत. न पटणारी गोष्ट ही की नावासोबत राजकारणही पुसलं गेलं. मालिकेतल्या ट्रू आयआरएचा म्होरक्या जिमी ओ हा फक्त पैशाच्या मागे लागलेला गुंड उरतो, आणि हे लोक मुळात कशासाठी भांडत होते हे तेरा भाग बघूनही नवख्या प्रेक्षकाला कळत नाही.

दुसरी गोष्ट बंदुकांच्या दिशेची, यावर फार कमी लोक बोलतात. मालिकेत माल आयर्लंडच्या लोकांकडून अमेरिकेत येतो. खऱ्या इतिहासात बरोबर उलटं होतं. १९७० च्या दशकात आर्मालाइट रायफली अमेरिकेतून तिकडे जायच्या, १९८४ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या ग्लॉस्टर बंदरातून निघालेल्या बोटीवरची सुमारे ७ टन हत्यारं समुद्रात दुसऱ्या बोटीवर चढवली आणि ती बोट आयर्लंडजवळ पकडली गेली. पुढे मोठा साठा लिबियातून आला, त्यातलं शेवटचं जहाज १९८७ मध्ये फ्रेंचांनी धरलं. एके-४७ तिथे पोचल्या त्या या लिबियाच्या वाटेने, त्यामुळे आयरिश माणसाच्या हातात एके दिसणं बरोबर आहे, पण तिथून कॅलिफोर्नियाच्या टोळ्यांना पुरवठा होणं ही मालिकेची सोय आहे. गोष्टीसाठी चालून जातं, पण माहीत असावं.

शूटिंगबद्दल, बेलफास्टला फक्त दुसरं युनिट गेलं आणि बाहेरची दृश्यं घेऊन आलं, मुख्य कलाकारांचं काम कॅलिफोर्नियातच झालं. जॅक्सच्या बापाची बेलफास्टमधली प्रेयसी मॉरीन, तिचं काम करणारी अभिनेत्री मूळची बेलफास्टचीच, पण आयरिश पाद्री झालेला नट स्कॉटिश आणि जिमी ओ झालेला अमेरिकन, म्हणून बोलण्याच्या लहेजावर तिकडच्या लोकांनी टीका केली ती रास्तच आहे. शिवाय क्लब तिकडे पोचेपर्यंत अर्ध्याहून जास्त सीझन उलटतो, तोवर एबलचा पत्ता इथून तिथे फिरत राहतो, हा खरा दोष. भागांची नावं मात्र मनापासून निवडलीत. 'टर्निंग अँड टर्निंग' आणि 'वायडनिंग गायर' ही दोन्ही एका आयरिश कवीच्या १९१९ च्या कवितेच्या पहिल्याच ओळीतली, आणि त्याच कवितेत पुढे 'अनार्की' हा शब्द येतो. 'तुरस', 'फिरिन्या', 'बान्या' हे आयरिश भाषेतले शब्द, प्रवास, सत्य, दूध.

आणि नुसतं पोरगं शोधणं हे कामच नव्हतं मुळी. जॅक्सचा बाप बेलफास्टला राहिला होता, तिथे त्याची मॉरीन होती, त्यांची मुलगी ट्रिनिटी होती, म्हणजे जॅक्सला बहीण आहे हे तिथे गेल्याशिवाय कळणारच नव्हतं. क्लबच्या पहिल्या ९ जणांपैकी एक, मॅकगी, तिथे फितूर निघतो आणि क्ले त्याला गच्चीवरून ढकलतो, तो सीन मी अजून विसरलो नाहीये. जेम्मा झालेल्या अभिनेत्रीला जानेवारी २०११ मध्ये गोल्डन ग्लोब मिळालं, त्यात याच सीझनचा वाटा आहे, आणि तिचे स्मृतिभ्रंश झालेल्या बापासोबतचे भाग तर कुणी आठवतच नाही.

शेवटच्या भागात क्लबमधला ऑपी एजंट बाईला मारतो, चिब्स जिमी ओला, आणि जॅक्सने एजंट बाईशी केलेला सौदा क्लबला आधीपासून माहीत होता हे कळतं, ते सगळ्यांना आवडलं. पण पुढच्या सीझनला कामाला आली ती मॉरीनने जॅक्सच्या बॅगेत गुपचूप टाकलेली बापाची पत्रं. चौदा महिन्यांनी पोरं जेलमधून सुटतात तेव्हा ती पत्रं जॅक्सच्या प्रेयसीच्या, टाराच्या, हातात असतात, चौथ्या सीझनमध्ये क्ले तिच्या जिवावर उठतो तो या पत्रांमुळे, आणि २०१४ मध्ये जॅक्स बापाच्याच वाटेने जातो तिथपर्यंतचा धागा बेलफास्टच्या त्या घरातून निघालेला आहे.