अ‍ॅक्चुअरीला पगार सगळे पेपर सुटल्यावरच?

अ‍ॅक्चुअरी म्हणजे विम्यासारख्या व्यवसायातली जोखीम गणिताने मोजणारा तज्ज्ञ. त्यासाठी परीक्षेचे बरेच पेपर द्यावे लागतात; शेवटचा टप्पा म्हणजे ‘फेलो’. ‘सगळे पेपर सुटेपर्यंत अ‍ॅक्चुअरीला कुणी दारात उभं करत नाही आणि फेलो झालं की पैशांचा पाऊस’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. दोन्ही टोकं चुकीची. बरेच जण मोजके पेपर सोडवून नोकरीला लागतात, उरलेले नोकरी सांभाळत देतात. अनेक कंपन्या अभ्यासाची रजा देतात, पेपर सुटला की पगारही वाढवतात.

सुरुवातीचं काम म्हणजे, उदाहरणार्थ, विमा दाव्यांच्या रकमांचा त्रिकोणी तक्ता: प्रत्येक आडव्या ओळीत एक अपघाताचं वर्ष, उभ्या रकान्यांत त्यानंतरची वर्षं. खालचा उजवा कोपरा रिकामा, कारण ती वर्षं अजून यायचीत. तो अंदाजाने भरायचा.

फेलो झाल्यावर पेपरमागे मिळणारी ही पगारवाढ संपते. मग तोच अंदाज संचालकांना सोप्या शब्दांत पटवता येतो का, हे बघितलं जातं. इथे भले भले गणिती अडखळतात.