बल्गेरियातील फ्रीमेसनरी

फ्रीमेसन हे परस्परांशी शपथेने बांधलेले, 'लॉज' नावाच्या शाखांतून एकत्र येणारे बंधुसंघटन अठराव्या शतकात इंग्लंडातून युरोपभर पसरले. बल्गेरियन लोकांपर्यंत ते उशिरा, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोहोचले. त्या वेळी बल्गेरिया ऑटोमन साम्राज्याचा भाग होता. क्रिमियाच्या युद्धानंतर (१८५३–५६) इस्तंबूल आणि इझमीर या बंदरांत फ्रेंच, इंग्रज, इटालियन व ग्रीक लॉज वाढले. व्यापार, शिक्षण किंवा दुभाषाचे काम यांसाठी तिकडे गेलेल्या मोजक्या बल्गेरियनांनी दीक्षा घेतली ती या परक्या लॉजमध्ये. बल्गेरियातील मेसन चळवळीवर या सुरुवातीचा ठसा कायमचा राहिला. तिला मान्यतेची सनद नेहमी बाहेरून आणावी लागली, आणि स्वदेशात तिच्यावर परकेपणाचा आरोप होत राहिला.

पहिला बल्गेरियन फ्रीमेसन म्हणून इव्हान व्हेदार याचे नाव घेतले जाते. त्याचे मूळ नाव दनाईल निकोलोव्ह, जन्म रझग्राद येथे १८२७ मध्ये. अनेक भाषा अवगत असलेला हा शिक्षक ऑटोमन साम्राज्यातील शहरांतून बराच हिंडला आणि १८६० च्या दशकात मेसन झाला. पुढे तो डॅन्यूबकाठच्या रुसे शहरात स्थिरावला. रुसेची निवड समजण्यासारखी आहे. १८६४ मध्ये स्थापन झालेल्या डॅन्यूब प्रांताची ती राजधानी होती, सुधारणावादी मिधात पाशा तेथे सुभेदार होता, आणि १८६६ मध्ये रुसे–व्हार्ना रेल्वे सुरू झाली. वकिलाती, आगबोट कंपन्या, परदेशी अभियंते आणि अनेक धर्मांचे व्यापारी एकाच बंदरात नांदत होते. परस्परांच्या धर्माची चौकशी न करता एकत्र बसण्याची सवय असलेल्या अशा शहरात लॉज रुजणे स्वाभाविक होते.

व्हेदारविषयीची एक हकिगत बल्गेरियन मेसन आजही अभिमानाने सांगतात. रशिया–तुर्कस्तान युद्धात (१८७७–७८) रुसेतील बल्गेरियन वस्तीवर संकट आले असता त्याने तुर्की अधिकाऱ्याला मेसनांची ओळखीची गुप्त खूण केली, अधिकाऱ्याने ती ओळखली आणि शहर वाचले, असे ती सांगते. ती परंपरेने चालत आलेली आहे आणि परंपरा म्हणूनच वाचावी. तरीही तिचे मोल आहे. धर्म आणि राष्ट्र यांच्यावरून माणसे मारली जात असताना शत्रूच्या छावणीतही एक 'बंधू' असू शकतो, हा मेसनांचा सर्वांत मोठा दावा या कथेत एकवटला आहे.

१८७८ नंतर स्वायत्त झालेल्या बल्गेरियाच्या संस्थानात व्हेदारच्या पुढाकाराने १८८० मध्ये रुसे येथे 'बाल्कनचा तारा' हा लॉज निघाला. त्याची सनद दूरच्या पोर्तुगालमधील ग्रँड ओरिएंटची, म्हणजे तेथील लॉजच्या मध्यवर्ती संस्थेची होती. सोफिया व व्हार्ना येथेही लॉज निघाले, पण ही पहिली पालवी टिकली नाही. १८८५ चे पूर्व रूमेलिया या दक्षिणेकडील प्रांताशी एकीकरण, १८८६ मध्ये संस्थानाचा प्रमुख राजपुत्र अलेक्सांडर बाटेनबर्गची पदच्युती आणि १८८७ मध्ये रुसेतील रशियावादी अधिकाऱ्यांचे बंड या घटना लागोपाठ घडल्या. बंडवाल्यांना गोळ्या घालण्यात आल्या. गुप्त बैठकांकडे संशयाने पाहणाऱ्या या वातावरणात रुसेतील कामकाज थांबले.

बल्गेरियन क्रांतिकारकांचाही या संघटनेशी संबंध जोडला जातो आणि तेथे सावधगिरी हवी. वासिल लेव्हस्कीने १८६० च्या दशकाच्या अखेरीपासून गावोगावी उभारलेल्या गुप्त समित्यांत शपथ होती, टोपणनावे होती, संकेत होते. त्यावरून तो स्वतः मेसन होता असा निष्कर्ष अलीकडच्या काही लेखनात काढलेला दिसतो. पण शपथ आणि गुप्तता ही त्या काळातील बाल्कन क्रांतिकारकांची सर्वसाधारण साधने होती. तुर्की पोलिसांपासून जीव वाचवण्यासाठी ती आवश्यक होती. १८७३ मध्ये सोफियात फाशी गेलेल्या या माणसाच्या मोठेपणाला लॉजच्या सदस्यत्वाची गरज नाही, आणि पुराव्याशिवाय ते त्याला चिकटवू नये.

दुसरा टप्पा विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील. १९१४ मध्ये फ्रान्सच्या ग्रँड लॉजच्या (लॉजच्या शिखरसंस्थेच्या) सनदेने सोफियात 'झार्या' हा लॉज स्थापन झाला आणि १९१७ मध्ये बल्गेरियाची ग्रँड लॉज अस्तित्वात आली. फ्रेंच सनदेवर उभ्या राहिलेल्या या मंडळींचा देश तेव्हा जर्मनीच्या बाजूने फ्रान्सविरुद्ध लढत होता. सदस्य मुख्यतः प्राध्यापक, वकील, बँकवाले, मुत्सद्दी आणि लष्करी अधिकारी होते. शेतकऱ्यांच्या या देशात लॉज हे शहरी सुशिक्षितांचे वर्तुळच राहिले. १९१९ च्या नुयीच्या तहाने पहिल्या महायुद्धात पराभूत झालेल्या बल्गेरियाला एकटे पाडले, तेव्हा परदेशी लॉजशी असलेले संबंध अनेकांना राष्ट्राच्या उपयोगी पडणारी वाट वाटले. मॅसिडोनिया कोणाचा या प्रश्नाने मात्र चळवळीला रक्तरंजित राजकारणाजवळ नेले. मॅसिडोनियन क्रांतिकारी संघटनेचा नेता जनरल अलेक्सांडर प्रोतोगेरोव्ह हा मेसन होता. जुलै १९२८ मध्ये सोफियाच्या रस्त्यावर त्याच्याच संघटनेतील विरोधी गटाने त्याचा खून केला.

१९३० च्या दशकात राष्ट्रवादी संघटना मेसनांवर उघड तुटून पडू लागल्या. निर्णायक घाव १९४० मध्ये बसला. सप्टेंबरातील क्रायोव्हा तहाने, जर्मनीच्या पाठिंब्याने, दक्षिण दोब्रुजा हा प्रदेश बल्गेरियाला परत मिळाला होता आणि सरकार बर्लिनकडे झुकले होते. गृहमंत्री पेतर गाब्रोव्हस्की याने 'राष्ट्ररक्षण कायदा' पुढे आणला. मसुदा अलेक्सांडर बेलेव्हने तयार केला होता. संसदेने तो डिसेंबर १९४० मध्ये संमत केला आणि जानेवारी १९४१ मध्ये राजा बोरिस तिसरा याच्या आदेशाने तो अमलात आला. या कायद्याची चर्चा होते ती ज्यूंवरील निर्बंधांमुळे, आणि ते योग्यच आहे. पण त्याचा पहिला भाग गुप्त व आंतरराष्ट्रीय संघटनांविषयी होता, आणि त्याचा रोख मेसनांवर होता. ज्यूंविषयीची कलमे त्यानंतर येतात. 'राष्ट्राबाहेर निष्ठा असलेले लोक' असा एकच साचा तयार करून दोघांना त्यात घातले होते.

त्यानंतर जे घडले त्यात दोन्ही समूहांच्या वाट्याला सारखे दुःख आले असे मात्र म्हणता येणार नाही. मेसनांची संघटना मोडली, सदस्यांना संघटनेशी नाते तोडावे लागले. ज्यूंची मालमत्ता, व्यवसाय, नागरी हक्क गेले, आणि १९४३ मध्ये बल्गेरियन प्रशासनाखालील थ्रेस, मॅसिडोनिया व पिरोत येथून ११,३४३ ज्यूंना मृत्युछावण्यांकडे पाठवले गेले. जुन्या सीमांच्या आतील सुमारे ४८,००० ज्यू मात्र वाचले. संसदेचे उपसभापती दिमितर पेशेव्ह, ऑर्थोडॉक्स चर्चचे धर्मगुरू आणि सामान्य नागरिक यांच्या विरोधामुळे त्यांची हद्दपारी थांबली.

१९४४ मध्ये हा कायदा रद्द झाला, पण लॉज परतले नाहीत. सप्टेंबर १९४४ नंतर सत्तेवर आलेल्या कम्युनिस्टांच्या दृष्टीने मेसनरी ही पाश्चात्त्य भांडवलदारांची संघटना होती. दोन परस्परविरोधी राजवटींनी तिला एकाच कारणासाठी नाकारले. राज्याच्या नजरेबाहेरचे कोणतेही स्वयंसेवी बंधुत्व दोघींनाही नको होते. जवळजवळ अर्धे शतक बल्गेरियात लॉज नव्हते.

१९८९ मध्ये कम्युनिस्ट नेता तोदोर झिव्हकोव्हची राजवट कोसळल्यावर पुनरुज्जीवन सुरू झाले. यावेळीही सनद बाहेरूनच आली, मुख्यतः जर्मनीच्या संयुक्त ग्रँड लॉजकडून, आणि १९९७ मध्ये सोफियात पुन्हा ग्रँड लॉज स्थापन झाली. मान्यता कोणाची आणि खरा वारस कोण, या प्रश्नांवरून पुढे फूट पडली आणि एकापेक्षा अधिक ग्रँड लॉज अस्तित्वात आल्या. 'झार्या' हे नाव नव्या काळातील लॉजनेही घेतले. इव्हान व्हेदारचे स्मरण रुसेमध्ये आजही केले जाते.