अल्देया (पोर्तुगीजमधील ग्रामवस्तीचे शब्द)

अल्देया म्हणजे खेडे. शब्द अरबी ‘अद्-दैआ’वरून पोर्तुगीजमध्ये आला. मराठीत त्याला सरसकट ‘गाव’ म्हणतात आणि तिथेच घोटाळा होतो, कारण पोर्तुगालमध्ये गावकारभार अल्देयाच्या नव्हे, फ्रेगेझिया या सर्वांत खालच्या कारभारी विभागाच्या नावाने चालतो. एका फ्रेगेझियात बहुधा अनेक अल्देया, त्यांहून लहान ‘लुगार’ आणि शेतातल्या एकदोन घरांचे ‘कझाल’ येतात. फ्रेगेझिया मिळून कोंसेल्यो होतो, आपल्या तालुक्याच्या जवळचा. याच उच्चाराचा, पण ‘सी’ऐवजी ‘एस’ने लिहिलेला शब्द ‘सल्ला’ किंवा ‘मंडळ’ या अर्थाचा आहे.

फ्रेगेझिया मूळची चर्चची. ‘फ्रेगेश’ म्हणजे त्या चर्चचा माणूस. आज दुकानदार गिऱ्हाइकालाही तेच म्हणतो.

दक्षिणेकडे अलेंतेजुत ‘मोंते’ वाचून डोंगर समजू नये. तिथे ते एर्दादेमधले, म्हणजे मोठ्या शेतजमिनीवरचे, बहुधा टेकाडावरचे घर असते. ‘विला’ हा बंगला नव्हे, खेडे आणि शहर यांमधला दर्जा. पोर्तुगालच्या १९८२ च्या कायद्याने त्यासाठी सलग वस्तीत ३००० हून अधिक मतदार आणि दवाखाना, औषधांचे दुकान, टपाल कचेरी, बँक, शाळा अशा आठ सोयींपैकी निम्म्या तरी मागितल्या होत्या. ब्राझीलमध्ये हिशेब निराळा: १९३८ च्या हुकुमाने नगरपालिकेचे मुख्य ठिकाण कितीही लहान असले तरी ते शहर, आणि तिच्या पोटविभागाचे ठिकाण विला. तिथे अल्देया म्हटले की बहुधा आदिवासींची वस्ती समजतात. साध्या खेड्याला ‘पोव्होआदो’ म्हणतात.

गोव्यात हेच शब्द आधीच्या व्यवस्थेवर बसले. इतरत्र ‘कोमुनिदाद’ म्हणजे नुसता समुदाय. गोव्यात ती गावकारी, सामाईक जमीन सांभाळणारी गावकारांची संस्था. तिचे रीतिरिवाज १५२६ च्या ‘फोराल’मध्ये, म्हणजे सनदेत, नोंदले गेले. गावकाराचा वार्षिक वाटा, ‘झोण’, पोर्तुगीज कागदात ‘जोनो’ होतो आणि गावकार ‘गांकार’. वाड्याला ‘बाइरु’ लिहीत. जुन्या कागदात फ्रेगेझिया आणि अल्देया दोन्ही आली असतील तर जमीन अल्देयाच्या नावाने शोधावी; चर्चची हद्द गावच्या हद्दीशी जुळेलच असे नाही.