खेळदृश्यांचा प्रताधिकार

खेळदृश्यांचा प्रताधिकार : व्हिडिओ गेम खेळताना पडद्यावर उमटणारी पात्रे, पार्श्वभूमी, हालचाली व दृश्यक्रम यांवरील कायदेशीर मालकी. ही दृश्ये स्वतःच्या समालोचनासह ऑनलाइन व्हिडिओत घालून त्यावर जाहिरातींचे उत्पन्न घेतले की तिचा प्रश्न उभा राहतो. मराठीत ‘स्वामित्वहक्क’ व ‘लेखाधिकार’ हे शब्दही चालतात. बोलण्यात मात्र ‘कॉपीराइट’च, आणि ‘कॉपीराइट आला’ म्हणजे व्हिडिओवर दावा लागला.

प्रताधिकार हा संविधानाच्या संघसूचीतील (नोंद ४९) विषय आहे. त्यामुळे बेळगाव सीमाभागात राज्य कोणते, याने या हक्कात फरक पडत नाही : निपाणीत केलेल्या आणि पलीकडे कागलात केलेल्या व्हिडिओला १९५७ चा एकच केंद्रीय प्रताधिकार कायदा लागू होतो. बदलते ते न्यायालय. बेळगाव जिल्ह्यातील प्रकरणे पुढे कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाकडे (२०१३ पासून कायम) जातात, कोल्हापूर जिल्ह्यातील मुंबई उच्च न्यायालयाकडे. कलम ६२ नुसार हक्कधारक आपल्या निवासाच्या वा व्यवसायाच्या ठिकाणीही दावा लावू शकतो. कर्नाटकाने २०२१ मध्ये पोलीस कायद्यात केलेली दुरुस्ती पैसे लावून खेळण्याविषयी होती. तिची सरमिसळ येथे करू नये.

मूळ वाद वर्गीकरणाचा आहे. भारतीय कायद्यात व्हिडिओ गेम असा स्वतंत्र वर्ग नाही. गेमची संकेतावली (कोड) ‘संगणक प्रोग्रॅम’ म्हणून वाङ्मयीन कृतीत मोडते; पात्रांची व पार्श्वभूमीची रेखाटने कलात्मक कृती ठरतात; हलते दृश्य व ध्वनी मिळून ‘चलच्चित्रपट’ मानता येतो. हा भेद केवळ शास्त्रार्थाचा नाही. कलम ५२ मधील न्याय्य वापराची सवलत (खाजगी उपयोग, समीक्षा, चालू घडामोडींचे वृत्त) ‘संगणक प्रोग्रॅम वगळून’ इतर कृतींना दिलेली आहे. पडद्यावरचे दृश्य प्रोग्रॅमचाच भाग धरले, तर गेमची समीक्षा करणाऱ्यालाही ही सवलत नाही. चित्रपट वा कलाकृती धरले, तर आहे. दुसरा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. युरोपीय न्यायालयाने २०१० मध्ये पडद्यावरील मांडणी प्रोग्रॅमच्या अभिव्यक्तीहून वेगळी मानली आणि २०१४ मध्ये निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीच्या खटल्यात गेमची चित्रे व ध्वनी यांना प्रोग्रॅमपलीकडचे सर्जनशील मूल्य असल्याचे म्हटले. हे निर्णय भारतात बंधनकारक नाहीत.

चित्रपट मानण्याचीही किंमत आहे. कलम १४ नुसार चित्रपटातील एका चौकटीचे छायाचित्रही ‘प्रत’ ठरते, म्हणजे व्हिडिओवर लावलेला थंबनेलही त्यात आला. खेळाडूच्या निवडीनुसार दृश्ये बदलतात, मग तो सहनिर्माता नव्हे काय, हा आक्षेप अमेरिकेत ‘स्क्रॅम्बल’ या गेमच्या खटल्यात (१९८२) घेतला गेला. कोणी कसेही खेळले तरी दृश्ये व त्यांचा क्रम बऱ्याच अंशी तेच राहतात, या कारणाने तो फेटाळला गेला. त्यामुळे खेळण्यातले कौशल्य कितीही असले तरी त्याने चित्रांवर मालकी येत नाही. समालोचनाचे शब्द मात्र बोलणाऱ्याचे. बेळगावी मराठीतले, मध्येच कन्नडकडे वळणारे समालोचन हे अशा व्हिडिओतील खरे स्वतःचे द्रव्य होय.

उत्पन्न घेतल्याने वापर आपोआप बेकायदेशीर होत नाही, पण तो न्याय्य ठरवताना ते विरुद्ध बाजूने मोजले जाते. कलम ६३ खाली जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनास ६ महिने ते ३ वर्षे कैद व ५०,००० ते २ लाख रुपये दंड आहे. उल्लंघन व्यापारी लाभासाठी नसल्यास न्यायालय ही शिक्षा कमी करू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र ठरवला.

व्यवहारात मात्र गेम कंपनीचा परवानाच बहुतेक प्रश्न मिटवतो. ठोकळ्यांनी रचना उभारण्याच्या ‘माइनक्राफ्ट’ या गेमच्या अटी जाहिरातींचे उत्पन्न घेऊ देतात, व्हिडिओत स्वतःची भर असावी एवढी अपेक्षा. त्यात कोणी राजहंसगड उभारला, तर ठोकळ्यांचे रूप कंपनीचे आणि रचनेतील कल्पकता उभारणाऱ्याची. निन्टेन्डोने २०१५ मध्ये उत्पन्नात वाटा घेणारी योजना आणली, ती २०१८ अखेर बंद केली व तिच्या जागी सर्वसाधारण नियम दिले. मायक्रोसॉफ्टचेही असे नियम आहेत. गेममध्ये वाजणारे गाणे बहुधा तिसऱ्याचे असते; परवाना चित्रांपुरता असला तरी दावा गाण्यावरून लागतो.

यूट्यूबवर २००७ पासूनची ‘कंटेंट आयडी’ ही स्वयंचलित ओळखपद्धती जुळणी सापडताच उत्पन्न हक्कधारकाकडे वळवू शकते. त्याहून वेगळा ‘स्ट्राइक’, म्हणजे हक्कधारकाच्या तक्रारीवरून व्हिडिओ काढल्यावर चॅनेलला लागणारा ठपका : ९० दिवसांत ३ लागल्यास चॅनेल बंद होऊ शकते. ही प्रक्रिया १९९८ च्या अमेरिकी कायद्याच्या साच्यातली आहे. त्यामुळे खानापूरच्या चॅनेलवाल्याने प्रतिनोटीस (व्हिडिओ काढण्यास हरकत घेणारी नोटीस) दिली, तर हक्कधारकाला न्यायालयात जाण्यास त्या कायद्याप्रमाणे १० ते १४ कामकाजाचे दिवस मिळतात. भारतीय कायद्यातील २१ दिवसांची मुदत निराळी : हक्कधारकाच्या लेखी तक्रारीनंतर मध्यस्थ संकेतस्थळाने तेवढे दिवस मजकूर रोखायचा, आणि त्या अवधीत न्यायालयाचा आदेश आला नाही, तर तो पुन्हा खुला करता येतो.