कातळावरची चार रोपं

पाण्याच्या माठाखालची ओल, विहिरीची आतली भिंत, ओढ्याकाठची सावली. नेचा शोधायचा तर आपण अशा ठिकाणी बघतो. अॅनोग्रामा असेन्शनिस नावाच्या नेच्याचं घर मात्र उघडा कातळ आहे, आणि तोही जगात एकाच डोंगरावरचा. त्याची पानं कोथिंबिरीच्या कोवळ्या काडीसारखी, बारीक कातरलेली. इंग्रजी नावातही तसंच साम्य आलंय: पार्सली फर्न, पार्सली म्हणजे कोथिंबिरीसारखी दिसणारी एक पालेभाजी.

हा डोंगर दक्षिण अटलांटिक महासागरातल्या असेन्शन बेटावर आहे. ज्वालामुखीतून वर आलेलं हे बेट जेमतेम 90 चौरस किलोमीटरचं. 1503 साली भारताकडे निघालेल्या आफोन्सो द आल्बुकर्कने त्याला हे नाव दिलं. पुढे 1510 मध्ये गोवा जिंकला तोच हा आल्बुकर्क. पोर्तुगीजांनी बेटावर शेळ्या सोडल्या, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांना ताजं मांस मिळावं. झाडोरा मुळातच विरळ होता, त्यातला बराच शेळ्यांनी फस्त केला. कड्याच्या चिरांमधला नेचा तरीही टिकून राहिला.

त्याच्यावर खरं संकट आलं ते चांगल्या हेतूने. 1843 मध्ये जोसेफ हूकर हा वनस्पतिशास्त्रज्ञ बेटावर आला. तिथल्या ब्रिटिश शिबंदीला पाण्याची टंचाई होती. डोंगरावर झाडं लावली तर ती धुकं अडवतील, जमिनीत पाणी मुरेल, असा सल्ला त्याने दिला. मग लंडनच्या क्यू उद्यानाच्या मदतीने जहाजं भरभरून रोपं आली. 859 मीटर उंचीचा तो माथा आज बांबू आणि परदेशी झाडांनी गच्च झाकलेला आहे. नाव ग्रीन माउंटन, आणि ते शोभतंही. पण त्या हिरवाईबरोबर हंसराज नावाचे नेचेही पसरले आणि ओलसर खडकाची एकेक चीर त्यांनी व्यापली.

एवढासा नेचा त्यांच्यापुढे हरतो, याचं कारण त्याच्या जन्मातच आहे. नेच्याला बी नसतं, बीजाणू असतात, डोळ्यांना धुळीसारखे दिसणारे. बीजाणू रुजला की लगेच पानं फुटत नाहीत. आधी खडकाला चिकटलेला काही मिलिमीटरचा हिरवा पापुद्रा तयार होतो. त्यावर नर आणि मादी पेशी बनतात, आणि नरपेशी पाण्याच्या पातळ थरातून पोहत मादीपेशीपर्यंत जाते. त्यानंतरच पानांचं रोप उगवतं. म्हणजे या नेच्याला ओल हवी आणि मोकळी जागाही हवी. मोठ्या पानांची सावली पडली, पालापाचोळा साचला, की पापुद्रा तिथेच दडपून जातो. उघड्या कातळाला आपण ओसाड म्हणतो. कोकणातल्या सड्यांनाही सर्रास ‘पडीक’ म्हटलं जातं, आणि मला हा शब्द दरवेळी बोचतो.

1958 नंतर हा नेचा कुणालाच दिसला नाही. 2003 मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या, धोक्यातल्या जीवांची नोंद ठेवणाऱ्या लाल यादीत तो ‘नामशेष’ ठरला.

2009 साली स्टेडसन स्ट्राउड आणि फिल लॅम्डन हे वनस्पतिसंवर्धनाचं काम करणारे दोघे डोंगराच्या दक्षिण अंगाला उतरत होते. तिथे खडकाच्या उघड्या कडेवर त्यांना ती कातरलेली पानं दिसली. पुढे शोध घेतल्यावर रोपं मिळाली सगळी मिळून चार. जागा इतकी कोरडी की ती कधीही वाळून गेली असती. म्हणून घसरड्या उतारावरून पाणी नेऊन ते थेंबथेंब रोपांवर पडत राहील अशी सोय केली आणि भोवतालचं तण उपटलं. बीजाणू तयार झाल्यावर पानांचे तुकडे निर्जंतुक डबीत घालून विमानाने इंग्लंडला धाडले. खुडल्यापासून चोवीस तासांच्या आत ते क्यूमध्ये पोहोचले. डोंगर हिरवा करायला जिथून मदत आली होती, तेच हे उद्यान.

तिथे काचेच्या बंद भांड्यांत बीजाणू रुजले, पापुद्रे वाढले आणि वर्षभरात सुमारे साठ रोपं तयार झाली. लाल यादीत आता हा नेचा ‘अतिसंकटग्रस्त’ आहे, म्हणजे नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर, पण जिवंत. त्याला बेटावर परत रुजवण्याचं कामही सुरू झालं. त्यात रोप लावणं सोपं. कातळाची चीर हंसराजापासून मोकळी ठेवायला मात्र माणसाला पुन्हा पुन्हा त्या कड्यावर उतरावं लागतं.