ओटा कुठून आला? एल-शेप ठरवायच्या आधी थोडं मागं बघू

नवीन फ्लॅट घेतला की घरात पहिली चर्चा हीच, किचन एल-शेप करायचं, सरळ ओटा ठेवायचा, पॅरलल म्हणजे समोरासमोर दोन ओटे करायचे का हॉलची भिंत पाडून ओपन. यातला प्रत्येक प्रकार त्या त्या काळच्या घराच्या अडचणीतून आणि तेव्हाच्या इंधनातून आलाय, तेवढं कळलं तरी ठरवणं खूप सोपं जातं.

आपल्याकडं मुळात सगळं खाली बसून. वाड्यात माजघराच्या मागं स्वयंपाकघर, चुलीला शेजारी वैल, म्हणजे तिच्याच आचेवर तापणारी जोडचूल, तिच्यावर आमटी नाहीतर दूध ऊन राहायचं, पलीकडं विळी, परात, पाटा-वरवंटा, आणि बाई बसल्या जागेवरून हात पोचेल तेवढ्यात सगळं आटपायची. जागा कमी लागायची पण धूर सगळा डोळ्यात, आणि सारखं ऊठ-बस करून गुडघे जायचे ते वेगळंच.

मग मुंबईच्या चाळी आल्या. 1920च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळीतली खोली साधारण 160 चौरस फुटांची, त्यातच झोपायचं, त्यातच रांधायचं, कोपऱ्यात मोरी. पाणी आणि निचरा एकाच बाजूला म्हणून स्टोव्ह, मांडणी, पिंप सगळं त्याच भिंतीला लागायचं. आजच्या वन आरकेतला सरळ ओटा बघा, रचना तीच आहे.

उभं राहून स्वयंपाक घरोघरी झाला तो मात्र गॅसमुळं. 1955 साली बर्मा शेल या तेल कंपनीनं मुंबईत बर्शेन नावानं सिलिंडर आणला. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, आणि शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर असावी हा सुरक्षेचा नियम, मग ओट्याशिवाय इलाजच नाही, आणि कडप्प्याचा ओटा, खाली सिलिंडर हे चित्र हळूहळू सगळीकडं पसरलं.

पॅरललची गोष्ट जर्मनीतली. 1926 साली मार्गारेट श्युटे-लिहोट्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफुर्टच्या सरकारी वसाहतींसाठी एक किचन आखलं, जेमतेम सहा फूट रुंद, अकरा फूट लांब, रेल्वेच्या डायनिंग कारमधलं किचन अभ्यासून. अशी सुमारे 10,000 बसवली. एकटीनं कमीत कमी पावलात काम करायला उत्तम पण दुसरं माणूस आत आलं की धक्काबुक्की, आणि पोरांवर लक्ष ठेवता येईना ही तक्रार तेव्हापासूनचीच.

ओपन किचन अमेरिकेतलं, तिथं नोकर परवडेनासे झाले तसं बाईला मुलं दिसावीत म्हणून भिंत गेली, 1937 साली फ्रँक लॉइड राइट या वास्तुरचनाकारानं तिथल्या मॅडिसन शहरात बांधलेल्या घरात ते दिसतं. कल्पना मला आवडते, खरंच. पण आपल्याकडं रोज मोहरी-हिंगाची फोडणी, त्यात कोणाकडं सुकट-बोंबील भाजतात, तिथं चांगली चिमणी आणि सरकता काचेचा दरवाजा नसेल तर वास सोफ्याच्या कापडात महिनाभर राहतो.

आता सगळे वर्क ट्रँगल सांगतात, सिंक, शेगडी, फ्रिज, तिघांतलं अंतर चार ते नऊ फूट. 1940च्या दशकात अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या मंडळींनी ते त्यांच्या मोठ्या किचनसाठी मांडलं. आपल्या आठ बाय आठमध्ये चालायला लागतंय कुठं? आपली अडचण मोकळ्या ओट्याची, मिक्सर, पोळपाट आणि चिरायची जागा एकाच वेळी लागते, म्हणून दोघं मिळून रांधत असाल तर मी एल-शेपच म्हणेन, एकानं शेगडीशी, दुसऱ्यानं सिंकपाशी.

आणि उंची! मिस्त्री सरसकट 34 इंच धरतो. आमच्या आईची उंची पाच फूट, तिला ओट्याशी उभं केलं, कोपर वाकवायला सांगितलं आणि तिथून चार इंच खाली पेन्सिलनं खूण केली, ती निघाली 32 वर. ओटा तिथंच बसवला.