वाङ्मयचौर्य (विद्यार्थ्यांच्या लेखनातलं)

वाङ्मयचौर्य म्हणजे दुसऱ्याचं लिखाण, कल्पना, आकृती, डेटा किंवा कोड स्वतःचा म्हणून पुढे करणं. बोलताना एवढा जड शब्द कोणी वापरत नाही, ढापलंय, उचललंय, कॉपी-पेस्ट मारलंय असंच म्हणतात. कॉपीराइटचा भंग ही वेगळी भानगड, ते कायद्याचं प्रकरण आहे आणि परवानगी होती की नव्हती यावर ठरतं. वाङ्मयचौर्यात प्रश्न श्रेयाचा असतो, त्यामुळे ज्यावर आता कोणाचाच हक्क उरलेला नाही अशा जुन्या पुस्तकातून नाव न सांगता उचललं तरी ते चौर्यच.

इंग्रजीतला प्लेजिअरिझम हा शब्द लॅटिन ‘प्लॅजिअरियस’वरून आलाय. त्याचा मूळ अर्थ माणसं पळवणारा, म्हणजे दुसऱ्याचा गुलाम लपवणारा किंवा स्वतंत्र माणसाला गुलाम म्हणून विकणारा. या गुन्ह्यावर रोममध्ये ‘लेक्स फाबिया’ नावाचा कायदा होता, तो नक्की कधीचा यावर एकमत नाही, पण इ. स. पू. ६३ मधल्या रोमन वक्ता सिसेरोच्या भाषणात त्याचा उल्लेख येतो म्हणजे त्याआधीचा असणार. शब्दाची व्युत्पत्तीही वादातली आहे. बरेच कोश ती ‘प्लागा’ म्हणजे जाळं या शब्दाकडे नेतात, तर सातव्या शतकातला बिशप आणि कोशकार इसिडोर ती ग्रीक ‘प्लागिओस’ म्हणजे तिरकस, वाकडं यावरून लावतो, की हा माणूस सरळ वाटेने न जाता फसवून नेतो. इसिडोरच्या व्युत्पत्त्या एरवी फार भरवशाच्या नसतात, तेव्हा जाळंच बरं. चोरलेल्या कवितांसाठी हा शब्द पहिल्यांदा मार्शल या रोमन कवीने वापरला असं साधारण मानतात (इ. स. ८५–८६ च्या सुमारास). आपल्या कविता म्हणजे मुक्त केलेले गुलाम आणि कोणीतरी त्यांचा मालक बनून बसलाय, अशी त्याची तक्रार. इंग्रजीत नाटककार बेन जॉन्सनने १६०१ मध्ये तो साहित्यचोर या अर्थाने वापरलेला सापडतो.

आपल्याकडे या विषयाचा जास्त बारीक विचार संस्कृत काव्यशास्त्रात झालाय, फक्त अभ्यासाच्या चर्चेत तो कोणी आणत नाही. राजशेखर या कवीने (इ. स. ९००च्या आसपास) ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथात शब्दहरण आणि अर्थहरण, म्हणजे दुसऱ्याचे शब्द आणि आशय उचलणं, यांवर सलग तीन अध्याय लिहिलेत. ‘नास्त्यचौरः कविजनो नास्त्यचौरो वणिग्जनः’, चोर नसलेला कवी नाही आणि वाणीही नाही, जो लपवू जाणतो तो बिनबोभाट सुखात राहतो, असं तो लिहून जातो. शिवाय त्याची बायको अवंतिसुंदरी हिचं मत देतो, त्यात माणूस उचलेगिरीसाठी मनाला काय काय सांगतो त्याची यादीच आहे: तो अप्रसिद्ध, मी प्रसिद्ध, मूळ लिहिणारा परदेशात आहे, वगैरे. अर्थहरणाचे प्रकार मात्र काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने आधीच केलेले, तिथून राजशेखराने ते वाढवले. त्यातला ‘प्रतिबिंबकल्प’ म्हणजे अर्थ सगळा तोच, फक्त वाक्यरचना दुसरी. आनंदवर्धनाच्या मते कवीने हा प्रकार टाळावा.

अशाच गोष्टीला १९९०च्या दशकात लेखनाच्या अभ्यासक रिबेका मूर हॉवर्ड यांनी ‘पॅचरायटिंग’ नाव दिलं आणि विद्यार्थ्यांचं घोडं नेमकं इथेच अडतं. समजा पुस्तकात आहे, ‘तापमान वाढलं की वायूचे रेणू जास्त वेगाने हलतात आणि भांड्याच्या भिंतीवर जास्त जोराने आदळतात’. विद्यार्थी लिहितो, ‘उष्णता वाढल्यावर वायूचे कण अधिक गतीने फिरतात व पात्राच्या भिंतीवर अधिक जोरात धडकतात’. शब्द बदलले, सांगाडा तोच, आणि वर संदर्भही नाही. पुस्तक मिटून स्वतःला समजलं तसं लिहिलं तर असं काहीतरी येईल: ‘बंद डबा तापवला की दाब वाढतो, कारण आतून रेणूंचा मारा वाढतो’, आणि कल्पना जिथून घेतली तो संदर्भ इथेही द्यायचाच. हॉवर्ड यांचं म्हणणं की पॅचरायटिंग ही बऱ्याचदा चोरी नसून विषय अजून अंगवळणी न पडल्याची खूण असते, आणि ते पटण्यासारखं आहे, पण सगळ्या संस्था तसं मानत नाहीत.

अवतरणचिन्हं कुठे, संदर्भ कसा, हे प्रत्येक विषयाच्या स्टाइलनुसार ठरतं. लेखकाचं नाव आणि साल कंसात द्यायची पद्धत साधारणपणे हार्वर्डच्या एडवर्ड मार्क या प्राणिशास्त्रज्ञाच्या १८८१च्या लेखापर्यंत मागे नेतात.

तपासणीची सॉफ्टवेअर मजकुराचे छोटे छोटे सलग तुकडे करून त्यांचे ठसे, म्हणजे प्रत्येक तुकड्याची ओळख पटवणारे कोड, साठवलेल्या इतर मजकुराशी जुळवतात. रिपोर्टात येणारा टक्का साम्याचा असतो, चोरीचा नाही: नीट अवतरणं आणि लांब संदर्भसूची असली तरी तो चढतो, उलट दुसऱ्या भाषेतून गुपचूप अनुवाद केलेलं प्रकरण बऱ्याचदा त्यातून सुटतं. पैसे देऊन असाइनमेंट लिहून घेण्याला २००६ पासून ‘कॉन्ट्रॅक्ट चीटिंग’ म्हणतात, तिथे मजकूर नवाकोरा असल्याने ठसे जुळत नाहीत. स्वतःचीच जुनी असाइनमेंट न सांगता परत देणं हेही बहुतेक ठिकाणी नियमाबाहेर. चॅटजीपीटीसारख्या साधनांचे (नोव्हेंबर २०२२ पासून) नियम कोर्सगणिक वेगळे आहेत, कुठे पूर्ण बंदी तर कुठे वापर लिहून कळवला की चालतं.